ऐंशी रकाने आणि एक दंड

छापील पानाला समास असतो. टर्मिनलला फक्त रुंदी असते. काळ्या चौकटीत डावीकडून सुरुवात होते, ऐंशीव्या रकान्यापाशी जागा संपते आणि उरलेलं खालच्या ओळीत जातं. खिडकी ओढून मोठी करता येते हे खरं, पण बहुतेकांच्या पडद्यावर ती उघडते तेव्हा ऐंशी रकाने आणि चोवीस ओळी एवढीच असते. हे माप कोणी डोळ्यांना बरं दिसावं म्हणून ठरवलेलं नाही. आयबीएमनं १९२८ मध्ये आपल्या छिद्रांच्या कार्डावर ऐंशी उभे स्तंभ बसवले. कार्डं गेली, पडदे आले, पण सवय गेली नाही. १९७८ मध्ये आलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलनं ऐंशी गुणिले चोवीस हा आकार जवळजवळ कायमचा करून टाकला. आज नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये, काचेच्या इमारतीत, नवाकोरा लॅपटॉप उघडून बसलेला पोरगा त्याच कार्डाच्या रुंदीत टाइप करत असतो. कार्ड कसं दिसायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.

त्याच्या शेजारी माझी खुर्ची. तो प्रोग्रॅम लिहितो, मी ते कसे वापरायचे ते लिहिते. त्यातलं बरंचसं लिखाण टर्मिनलवरच वाचलं जातं. ‘मॅन’ ही आज्ञा द्यायची, पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहायचं, की त्याची माहिती डोळ्यांपुढे येते: ठळक मथळे, आत सरकवलेले परिच्छेद, दोन्ही कडांना नीट बसलेल्या ओळी. वाचणाऱ्याला वाटतं, ही फाइल अशीच लिहून ठेवलेली असणार. तशी ती नसते. मूळ फाइल उघडली तर विस्कटलेला मजकूर दिसतो. कुठे तीन शब्दांची ओळ, कुठे तीस शब्दांची, आणि मधूनमधून टिंबानं सुरू होणाऱ्या छोट्या सूचना. इथे मथळा आहे, इथून नवा परिच्छेद, हा शब्द ठळक. एवढंच लेखकानं सांगायचं. ओळ कुठे मोडायची हे त्यानं ठरवायचं नाही. ते काम एनरॉफचं, किंवा बहुतेक लिनक्स यंत्रांवर आज त्याच्या जागी असलेल्या ग्रॉफचं. आणि ते काम होतं वाचण्याच्या क्षणी, वाचणाऱ्याच्या खिडकीची रुंदी पाहून.

एनरॉफ ओळ भरतो तो पंगत बसवल्यासारखा. शब्द येतील तसे एका रांगेत बसवत जायचं. पुढचा शब्द मावत नाही असं दिसलं की त्याला दुसऱ्या रांगेत न्यायचं. आणि पहिल्या रांगेत थोडी जागा उरलीच, तर सगळ्यांना जरा सैल बसायला सांगायचं. ही सैल जागा तो एका ओळीत डावीकडून वाटायला लागतो, तर पुढच्या ओळीत उजवीकडून. नेहमी एकाच बाजूनं वाटली तर पानावर त्या बाजूला पांढरे ओघळ दिसू लागतील. पन्नास वर्षांपूर्वी, कागदाच्या भेंडोळ्यावर खडखडणाऱ्या टेलिटाइपसाठी कुणीतरी एवढा बारीक विचार केला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या साधनाची वंशावळ लांब आहे. एमआयटीतल्या जेरोम सॉल्टझर यांनी १९६४ च्या सुमारास ‘रनऑफ’ लिहिला. त्यावरून बेल लॅब्समध्ये डग मॅक्इलरॉय यांचा ‘रॉफ’ आला, आणि मग जो ओसाना यांनी ‘नवा रॉफ’ म्हणून एनरॉफ घडवला. छापखान्याच्या फोटो-टाइपसेटरसाठी त्याचंच भावंड ट्रॉफ आलं. ओसाना १९७७ मध्ये वारले; त्यांचा ट्रॉफ पुढे ब्रायन कर्निघन यांनी नव्यानं लिहून काढला. ग्रॉफ हा त्या घराण्याचा मुक्त वारस, जेम्स क्लार्क यांनी १९९० च्या सुमारास लिहिलेला.

या वंशावळीत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते मात्र तीन टायपिस्ट. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. युनिक्स ही कार्यप्रणाली तेव्हा पाळण्यात होती आणि ती करणाऱ्यांना चांगलं यंत्र हवं होतं. नव्या कार्यप्रणालीच्या संशोधनासाठी पैसे द्यायला बेल लॅब्सचे वरिष्ठ नाखूश होते. तेव्हा या मंडळींनी मजकूर संपादित करायची आणि मांडायची व्यवस्था करून देतो असं सांगितलं, आणि पीडीपी-११ हे यंत्र मिळवलं. पहिलं गिऱ्हाईक होतं संस्थेचा पेटंट विभाग. डेनिस रिची यांनी लिहून ठेवलंय की १९७१ च्या उत्तरार्धात त्या विभागातले तीन टायपिस्ट दिवसभर या यंत्रावर पेटंटचे अर्ज टाइप करत, दुरुस्त करत, मांडत; आणि त्याच यंत्रावर, त्याच वेळी, युनिक्सचे कर्ते आपलं काम रेटत. यंत्राची एकूण स्मृती चोवीस हजार बाइट, डिस्क अर्ध्या मेगाबाइटची. आज जगभरच्या सर्व्हरांत आणि खिशातल्या फोनांत ज्या कार्यप्रणालीचं रक्त वाहतं, तिचं पहिलं भाडं भरलं ते मजकुराच्या मांडणीनं.

त्या काळाच्या खुणा अजून सापडतात. टेलिटाइपवर ठळक अक्षर वेगळं नव्हतं. अक्षर छापायचं, एक घर मागे यायचं, तेच अक्षर पुन्हा त्याच जागी ठोकायचं. अधोरेखित करायचं तर आधी रेघ, मग माघार, मग अक्षर. ‘लेस’ हा पडद्यावर मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम ही माघार आजही ओळखतो आणि तिच्या जागी ठळक अक्षर दाखवतो. ठोकायला कागद उरलेला नाही, पण ठोकण्याची भाषा चालू आहे.

भरण्याच्या या कौशल्याला एक मर्यादा आहे आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच सुरू होते. गद्याची ओळ कुठेही मोडली तरी अर्थ हलत नाही. पण पत्ता? लग्नपत्रिकेवरची नावं? हिशेबाचा तक्ता? कवितेचं कडवं? यांच्यात ओळ जिथे संपते तिथे काहीतरी सांगितलेलं असतं. म्हणून रॉफमध्ये ‘एनएफ’ ही सूचना आहे: इथून पुढे भरू नकोस, जसं दिलंय तसं ठेव. नंतर ‘एफआय’ म्हणायचं, की भरणं पुन्हा सुरू. ‘एफएमटी’सारखं साधं साधन एवढीही सोय देत नाही, रिकामी ओळ दिसली तर नवा परिच्छेद, नाहीतर सगळं एकसलग. कुठली ओळ सहज पडली आहे आणि कुठली जाणून मोडली आहे, हे यंत्राला पाहून कळत नाही. ते माणसानं सांगावं लागतं. सांगायचं कुठे आणि कसं, हा प्रश्न मला इंग्रजीत कधी पडला नव्हता. तो मराठीनं पाडला.

देवनागरी टर्मिनलवर आली ती वाट दिल्लीवरून गेली आहे. १९८३ च्या ऑक्टोबरात इथे तिसरं विश्व हिंदी संमेलन भरलं, त्यात आयआयटी कानपूरमध्ये घडवलेलं देवनागरीचं टर्मिनल लोकांपुढे मांडलं गेलं. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेले आणि तिथून जिस्ट कार्ड आलं. संगणकात हे कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅमसुद्धा देवनागरी दाखवू लागत. या सगळ्यामागे असलेली संकेतप्रणाली, इस्की, दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकानं प्रमाण म्हणून जाहीर केली. इस्कीत एका चिन्हाला एक बाइट पुरे. क एक, त्याला लागलेला उकार एक, हलन्त एक.

मग युनिकोड आलं, आणि त्यानं फार मोठी गोष्ट केली: मराठीतलं पत्र टोकियोतही मराठीतच उघडू लागलं. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘फोल्ड’ आणि ‘एफएमटी’ या ओळी मोडणाऱ्या साधनांच्या लिनक्सवर सर्रास मिळणाऱ्या आवृत्त्या वर्षानुवर्षं रकाने मोजायच्या नावाखाली बाइट मोजत आल्या. ‘फोल्ड’ला सलग देवनागरी दिली तर ऐंशी बाइटांत सव्वीस चिन्हं पुरी बसतात आणि सत्ताविसावं मधोमध चिरलं जातं. पडद्यावर त्या जागी प्रश्नचिन्हांचे काळे चौकोन उमटतात. बाइट सोडून चिन्हं मोजणारं साधन घेतलं तरी सुटका नाही. ‘कु’ एका रकान्यात बसतो, कारण उकार खाली लोंबतो, ‘कि’ला दोन रकाने लागतात, कारण वेलांटीला स्वतःची जागा हवी, ‘क्ष’ डोळ्याला एक अक्षर, पण टर्मिनलच्या हिशेबी दोन रकाने. टर्मिनलचा पाया असा की प्रत्येक अक्षराला सारखी चौकट. देवनागरी तर वर, खाली, मागे, पुढे अशी चहूबाजूंनी वाढते. शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी हे भांडण एकोणिसाव्या शतकातच भांडून घेतलं होतं. आम्ही ते नव्यानं भांडतोय.

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला त्यावर आणखी एक चिमटा. यंत्रात आधीपासून भरलेला फॉन्ट बहुधा हिंदी वळणाचा असतो. मराठीचा पाकळीवाला ल आणि देठवाला श महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात प्रमाण ठरवले आहेत; इथल्या पडद्यावर ते दिसायला फॉन्ट शोधून बसवावा लागतो. संकेतांक तोच, आकार मात्र ज्याच्या त्याच्या प्रांताचा. अर्थाची खूण आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रॉफनं मला शिकवलंच होतं. ल आणि श यांनी ते पक्कं केलं.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवासाठी आरतीसंग्रह करायचा ठरला तेव्हा ही सगळी विद्या कामी आली. पुस्तिका छापायची, फोनवर पाठवायची आणि मांडवात भिंतीवर दाखवायची, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदी. मी म्हटलं, मजकूर एकाच साध्या फाइलीत ठेवू, रूपं त्यातून काढू आणि टर्मिनलवर तपासू. मुद्रितं वाचायला मयूर विहारचे काका बसले. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात उभी हयात टायपिंगमध्ये घालवलेले. हिंदी, इंग्रजी आणि हौसेनं मराठी. तीस हजारी कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून अर्ज टाइप करणाऱ्यांपैकी काहींना त्यांनीच शिकवलं असं ते सांगतात.

“तुझ्या मशिनला घंटी आहे का गं?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

टाइपरायटरवर उजवा समास जवळ आला की घंटी वाजायची. पुढे अजून काही अक्षरांची जागा शिल्लक असायची. “घंटी वाजली की बघायचं, शब्द मावतोय का. मावला तर ठोकायचा, नाहीतर कॅरेज ढकलायची. पण आरती असेल तर घंटीकडे लक्षच द्यायचं नाही. चरण संपला की ओळ संपली. मग कागद अर्धा रिकामा राहिला तरी बेहत्तर.”

म्हणजे एफआय आणि एनएफ ही दोन्ही काकांच्या बोटांत होती. मी प्रत्येक आरतीच्या आधी ‘भरू नकोस’ची सूचना घातली, प्रत्येक चरणाला स्वतंत्र ओळ दिली. टर्मिनलवर सुरेख दिसलं, पुस्तिकेतही. पण फोनवर पस्तीस-चाळीस अक्षरांपलीकडे जागाच नाही. लांब चरण तिथे आपोआप दुमडतो, आणि दुमडलेली ओळ नव्या ओळीइतकीच ठाम दिसते. म्हणणारा तिथे श्वास घेतो. वीस जण वीस फोनांतून बघून म्हणत असतील तर वीस ठिकाणी.

“अक्षर लहान कर,” काका म्हणाले.

“अहो काका, मग तुमच्या वयाच्या लोकांनी काय करायचं?”

याचं उत्तर जुन्या पोथ्यांत निघालं. हस्तलिखित पोथीत ओवीला स्वतंत्र ओळ नसते. पान आडवं, लांबट. लेखक डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग लिहीत जातो, शब्दांत अंतर न ठेवता. ओवी पानाच्या मध्येच संपते आणि दुसरी लगेच सुरू होते. मग कळतं कसं? दंडानं. अर्ध्यावर एक दंड, शेवटी दोन दंड, मध्ये क्रमांक. रचनेची खूण मजकुराच्या आत आहे, मोकळ्या जागेत नाही. पान रुंद असो की अरुंद, नकल करणाऱ्यानं ओळ कुठेही मोडो, ओवी मोडत नाही. छापखाना आला, कागद स्वस्त झाला आणि चरणाला आपली ओळ मिळाली. दंड राहिले, पण शोभेचे. ओळच सगळं सांगत होती, त्यांना काम उरलं नाही. माझ्याकडे आलेल्या जुन्या छापील आरतीसंग्रहांच्या टंकलिखित प्रतींत तर निम्मे दंड गळून गेले होते.

त्याच्याही मागे जायचं तर जात्यावरच्या ओवीपर्यंत जावं लागेल. तिला ना ओळ, ना दंड. श्वास आणि जात्याचा फेरा एवढ्यावर ती तोललेली. ऐकून कागदावर उतरवणाऱ्यानं ओळ कुठे पाडायची ते कानानं ठरवायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. दिल्लीत याआधीचं १९५४ चं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. या वेळी अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, लोकसाहित्यात आयुष्य घातलेल्या. मांडवात बसून मी विचार करत होते की त्यांच्या अभ्यासाचा विषय असलेलं सगळं वाङ्मय मुळात कुठल्याही पानाच्या रुंदीशिवाय जगलं. ओळ ही नंतर आलेली सोय आहे. सोय म्हणून ती उत्तम, पण रचनेचा सगळा भार तिच्यावर टाकला की रुंदी बदलताच रचना कोसळते.

मी दंड परत आणले. अर्ध्या चरणाला एक, पुऱ्याला दोन, कडव्याला क्रमांक. ओळीही ठेवल्या, कारण काकांचं म्हणणं खोटं नव्हतं: डोळ्याला विसावा लागतो, आणि छापील पानावर एवढी जागा असताना तो का नाकारायचा? ग्रॉफ टिंब, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह यांनाच वाक्याचा शेवट मानतो. दंडालाही तसंच मान, हे त्याला एका ओळीच्या सूचनेत सांगता येतं. तेही सांगितलं. मग खिडकी ओढून ऐंशी रकाने केली, चाळीस केली, हट्टानं तीस केली. ओळी कुठेही मोडू लागल्या, पण चरण कुठे संपतो ते प्रत्येक वेळी दिसत राहिलं.

काकांची शंका वेगळी होती. “तुला-मला दंड कळतो. पोरांना कळणार आहे का? मराठी गद्यात आपण टिंब देतो. दंड आता फक्त स्तोत्रांत उरलाय.”

शंका रास्त, पण ती पुण्याच्या पोरांची. मांडवात म्हणणारी मुलं दिल्लीची, नोएडाची, गाझियाबादची. शाळेत पहिलीपासून हिंदी, आणि हिंदीत साधं वाक्य दंडावर संपतं. घरची भाषा मराठी, पण थांबायचं कुठे हे हाताला आणि डोळ्याला शिकवलेलं हिंदीनं. ज्या खुणेला मराठी गद्यानं निरोप दिला, ती या मुलांच्या रोजच्या वहीत ठाण मांडून बसली आहे. पहिल्या संध्याकाळी फोन हातात धरून ती आरती म्हणू लागली, आणि चरण दोन ओळींत दुमडलेला असूनही दंडापाशीच थांबली. मोठ्यांपैकी काहीजण मात्र सवयीनं भलतीकडेच श्वास घेत राहिले. त्यांच्या हातात पुस्तिका नव्हतीच. त्यांना सगळं पाठ होतं, चुकांसकट.

मांडणीचं साधन कुठलंही असो, बेल लॅब्सचं, टाइपरायटर किंवा बोरू, लिहिणाऱ्याकडे ते एकच मागतं: तुझं जे महत्त्वाचं आहे ते मजकुरात लिही, रिकाम्या जागेच्या भरवशावर सोडू नकोस. रुंदी वाचणाऱ्याची असते आणि ती बदलत राहणार. घड्याळाएवढ्या पडद्यावर वाचणारेही आता आलेत.

काकांनी आरती संपेपर्यंत मुलांकडे कान लावला होता. कापूर फिरला, प्रसाद वाटला गेला, तेव्हा ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, “जमलं की गं. आता पुढच्या वर्षी मंत्रपुष्पांजलीही अशीच नीट करून टाक. तिथे तर सगळा महाराष्ट्रच चुकीच्या जागी थांबतो.”